‘बॉल बेअरिंग टर्बो’ या नावाखाली जे मला विकले गेले

टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या पेट्रोल गाडीला बाजारातील किट आणून तो बसवू पाहणाऱ्यांसाठी ही हकीकत सविस्तर लिहीत आहे. अशा फसवणुकीत नुसते पैसे जात नाहीत, इंजिनही धोक्यात येते आणि वर सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारण्याची सोय विक्रेत्याला आयती मिळते.

किटची जाहिरात ‘संपूर्ण किट’ अशी होती. एका नामांकित कंपनीचा बॉल बेअरिंगचा टर्बो, इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड, दाब मर्यादेत ठेवणारी वेस्टगेट ही झडप, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पाइप, तेलाच्या लाइन आणि बसवण्याच्या छापील सूचना एवढे सगळे त्यात मिळणार होते. सोबत पाठवलेला कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे टर्बो किती दाबाला किती हवा देतो याचा आलेख, हाही अस्सल होता. फक्त तो मला मिळालेल्या टर्बोचा नव्हता.

बेअरिंगच्या प्रकाराला एवढे महत्त्व का, हे आधी सांगायला हवे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. जर्नल बेअरिंगमध्ये तो तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो, त्यामुळे त्याला तेलाचा भरपूर आणि अखंड पुरवठा लागतो. गोळ्यांवर फिरणाऱ्या बॉल बेअरिंगला त्यामानाने फार थोडे तेल पुरते आणि जास्त झाल्यास ते सीलमधून बाहेर येऊन सायलेन्सरमधून धूर निघू लागतो, म्हणून तेलाच्या लाइनमध्ये तेलाचा प्रवाह कमी करणारा, साधारण एक मिलिमीटर छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवतात. मला मिळालेल्या टर्बोवर बॉल बेअरिंगची पट्टी होती, खोक्यात रिस्ट्रिक्टर होता, सूचनाही अस्सल टर्बोच्या होत्या आणि आत मात्र जर्नल बेअरिंगचे पिवळ्या धातूचे बुश होते. मेकॅनिकने सूचना तंतोतंत पाळल्या, आणि नेमक्या त्या पाळल्यामुळेच टर्बो तेलावाचून जळाला. आधी शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, मग निळा धूर दिसू लागला आणि शेवटी कॉम्प्रेसरचे चाक आवरणाला घासू लागले. सुदैवाने इंटरकूलरच्या पुढे धातूचे तुकडे गेले नव्हते.

हमीबद्दल विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की, तेल न मिळाल्याने निकामी झालेल्या टर्बोला हमी लागू होत नाही आणि तेलपुरवठा ही बसवणाऱ्याची जबाबदारी असते. तेल मिळाले नव्हते हे खरेच, पण ते अडवणारा रिस्ट्रिक्टर त्यांनीच पाठवला होता. उघडलेल्या टर्बोची छायाचित्रे पाठवल्यावर ‘या तुकडीत बेअरिंगचा प्रकार बदललेला आहे’ असे उत्तर आले आणि त्यानंतर उत्तरे येणेच बंद झाले.

हा फरक टर्बो न उघडताही बऱ्याच अंशी ओळखता येतो. कोरड्या जर्नल बेअरिंगचा शाफ्ट बोटाने बाजूला हलवला तर थोडा हलतो आणि त्यात दोष काही नसतो. बॉल बेअरिंगचा शाफ्ट मात्र जवळजवळ हलत नाही. कॉम्प्रेसरच्या चाकाच्या तोंडाचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजून मूळ कंपनीच्या माहितीशी ताडून पाहावा. माझ्या टर्बोत तोही कमी भरला. पट्टीवरचा क्रमांक नक्कल करणाऱ्यालाही छापता येतो, तेव्हा तो थेट मूळ कंपनीकडून तपासून घ्यावा आणि तेही पैसे देण्यापूर्वी, विक्रेत्याकडून त्याचे स्पष्ट छायाचित्र मागवून.

जाहिरातीतील आकड्यांचा हिशेबही करून पाहण्यासारखा होता. ०.४ बार बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर) ताकद ६० टक्क्यांनी वाढेल, असा दावा होता. वातावरणाचा दाब साधारण एक बार धरला तर त्या बूस्टवर इंजिनात जास्तीत जास्त १.४ पट हवा जाईल. शिवाय दाबली गेलेली हवा सुमारे ४० अंशांनी तापते आणि इंटरकूलर ती उष्णता पूर्णपणे काढू शकत नाही. मग ६० टक्के येणार कोठून? ‘संपूर्ण’ म्हणवणाऱ्या या किटमध्ये मोठे इंजेक्टर आणि पेट्रोल पंप नव्हते, ट्यूनिंगचा तर उल्लेखही नव्हता. दहा-अकरा कॉम्प्रेशन रेशो असलेल्या, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दहा-अकरा पट दाबणाऱ्या इंजिनात जास्त हवा भरून इंधन आणि इग्निशनची वेळ तीच ठेवली तर नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन अवेळी स्फोटासारखे पेटून पिस्टन फुटू शकतात. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरचा टर्बो तर कारखान्यातूनच बसून आलेला होता, तरी १०.२५ कॉम्प्रेशनवर नॉकिंग रोखण्यासाठी त्या गाडीत पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारावे लागे. येथे मात्र नुसत्या नट-बोल्टांवर काम भागेल असे भासवले होते.

ती जाहिरात अजून चालू आहे. ‘बॉल बेअरिंग’ या शब्दांच्या जागी आता ‘उच्च दर्जाचे बेअरिंग’ असे छापले आहे. सामानाच्या यादीत रिस्ट्रिक्टर मात्र कायम आहे.