शार्कचा बोगदा की देवमाशाचा सांगाडा?

बडोद्याहून सुमारे ११० किलोमीटरवर, अहमदाबादच्या सायन्स सिटीत २०२१ मध्ये सुरू झालेल्या मत्स्यालयात २८ मीटर लांबीचा पारदर्शक बोगदा असून, त्यातून चालणाऱ्याच्या डोक्यावरून शार्क संथपणे सरकत जातात. मात्र त्यासाठी जाण्यायेण्यातच चार-पाच तास खर्ची पडतात. उलट आपल्या बडोद्यातच असलेल्या कमाटीबागेतील संग्रहालयात पोहणारे काहीही नसले, तरी १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे आणि त्याच्याशेजारी उभे राहिल्यावर शार्कही किरकोळ वाटू लागतो. लहान मुलांना हाडांपेक्षा हालचाल प्रिय असते, त्यामुळे त्यांच्यासाठी मी अहमदाबादच निवडेन (आमच्या भाचरांनी तर विचारण्यापूर्वीच कौल दिला होता). आजी-आजोबा बरोबर असतील, तर मात्र थकल्यावर झाडाखाली टेकता येणारी बागच बरी.