क्वेस्ट ३एस, क्वेस्ट ३ की पीएस व्हीआर२? आधी घरातली माणसं आणि खोली बघा

माझ्या मावसभावाला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचं यंत्र, घ्यायचा होता. तो व्हीलचेअरवर असतो, चष्मा जाड काचांचा आणि घर गिरगावातलं, दोन खोल्यांचं. त्याच्यासाठी शोधाशोध करताना कळलं की खोक्यावरची किंमत हा हिशोबाचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरा खर्च ठरतो तो आपलं शरीर, आपली खोली आणि घरात आधीपासून काय आहे यावर.

फोन अडकवायचे व्हीआर चष्मे आधीच बाजूला काढतो. जिओडाइव्ह २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आला, साधे तर त्याहून स्वस्त मिळतात. मान वळवली की दृश्य वळतं, पण पाऊल पुढे टाकलं तर काहीच होत नाही. व्हिडिओ बघायला ठीक. दोन्ही हातांनी ठोकळे कापायचा बीट सेबर त्यावर चालणार नाही. गुगलनेही आपला असाच चष्मा, कार्डबोर्ड, विकणं २०२१ मध्ये थांबवलं. खेळायचंच असेल तर यात पैसे घालू नका.

आता मेटा, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या क्वेस्टची दोन भावंडं. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०० डॉलरला आला, क्वेस्ट ३एस वर्षभराने ३०० डॉलरला. दोन्हींना ना कॉम्प्युटर लागतो, ना कन्सोल (टीव्हीला जोडायचं खेळांचं यंत्र), ना वायर. आतली चिपही एकच, त्यामुळे खेळ तेच चालतात. मग वरचे २०० डॉलर कशाचे? मुख्यतः भिंगांचे आणि पडद्याचे. ३एसमध्ये जुन्या पद्धतीची फ्रेनेल भिंगं आहेत. मधोमध स्वच्छ दिसतं, कडेला अक्षरं पुसट होतात. क्वेस्ट ३ मध्ये कडेपर्यंत स्पष्ट दिसतं आणि प्रत्येक डोळ्याला १८३२×१९२० ऐवजी २०६४×२२०८ पिक्सेल मिळतात.

माझ्या मते निर्णय मात्र पिक्सेलवर नाही, ‘पीडी’वर घ्यावा. पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर. चष्म्याच्या दुकानात दोन मिनिटांत मोजून देतात. ३एसची भिंगं ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागी बसतात. क्वेस्ट ३ ला चाक आहे, ते फिरवून मधलं अंतरही धरता येतं. तुमची पीडी ६३ च्या आसपास असेल तर ३एस घ्या आणि उरलेल्या पैशांचे खेळ घ्या. भावाची निघाली साडेपासष्ट, नेमकी दोन खाचांच्या मध्ये. शिवाय क्वेस्ट ३ ची चेहऱ्यावरची गादी मागेपुढे सरकते, त्यामुळे चष्म्याला जागा मिळते.

पीएस व्हीआर२ चं गणित वेगळं आहे. हा सोनीचा हेडसेट, तो सोनीच्याच पीएस५ (प्लेस्टेशन ५) कन्सोलला वायरने जोडावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ५५० डॉलरला आला, म्हणजे ज्या पीएस५ ला तो जोडायचा तिच्यापेक्षाही महाग. मार्च २०२५ मध्ये किंमत ४०० वर आली. घरात पीएस५ नसेल तर तेव्हा ५०० चा कन्सोल अधिक ४०० चा हेडसेट, इतक्या पैशांत तीन ३एस येत होते. पण पीएस५ असेल तर जरूर विचार करा. ओएलईडी पडद्यावरचा काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि ग्रान तुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आधीच घेतलेला असेल तर त्याचा व्हीआर भाग फुकट आहे. त्यातली गाडी नेहमीच्या कंट्रोलरवर बसून चालवता येते, त्यामुळे उभं राहता न येणाऱ्यालाही काही कमी पडत नाही. अडचण एकच, वायर. व्हीलचेअरच्या चाकाखाली ती येणारच.

हाच हेडसेट कॉम्प्युटरला जोडायचा ६० डॉलरचा अडॅप्टर आहे, पण तिथे हेडसेटचं कंपन आणि नजर ओळखण्याची सोय चालत नाही, वर दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. पहिल्या खरेदीत नको.

खोलीचं काय? हिंडून खेळायला दोन बाय दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जागा हवी. वरचा पंखाही धरा. हात उंचावला की पातं लागू शकतं. बसून खेळायची सोय आहे, पण सगळे खेळ बसणाऱ्याचा विचार करत नाहीत. भावाला सुरुवातीला समोरची पात्रं डोक्यावरून बोलायची, फळीवरच्या वस्तू हाताला येत नव्हत्या. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये उंची वाढवायचा पर्याय सापडला आणि तो पहिल्यांदा बरोबरीने उभा असल्यासारखा खेळला. हा पर्याय इतका आत दडवून ठेवावा, याचं मला अजून वाईट वाटतं. एक हात कमजोर असेल तर बीट सेबरमध्ये एकहाती खेळ आहे. बंदुकांच्या बऱ्याच खेळांना दोन्ही हात लागतात.

वयाची अट मेटाची १० वर्षं, सोनीची १२. बाहेरून आणलेला पीस घेताना वॉरंटी कुठे चालते ते लेखी घ्या. आणि आधी मॉलमधल्या व्हीआर सेंटरमध्ये खेळून बघा, काहींना दहा मिनिटांत मळमळतं.

भावाने दोन महिने जास्त थांबून क्वेस्ट ३ घेतला. बॅटरी दोन-सव्वादोन तास पुरते, त्याला तेवढी पुष्कळ होते. खेळून झालं की हेडसेट खिडकीपासून लांब, कपाटात जातो. भिंगांतून ऊन आत गेलं तर पडदा कायमचा जळतो.