ॲनोटेटेड ॲलिस घेतलं, टिपांसाठी तरी घ्याच

लहानपणी लुईस कॅरॉलचं ॲलिस इन वंडरलँड वाचलं तेव्हा नुसती धमाल वाटलेली, आता मार्टिन गार्डनरच्या टिपांवालं ॲनोटेटेड ॲलिस (पहिलं १९६० चं, नंतर टिपा वाढत गेल्या) वाचलं आणि खरं सांगते, अर्ध्याहून जास्त गोष्ट तेव्हा डोक्यावरून गेली होती. ती मगरीची कविता आहे ना, ती आयझॅक वॉट्सच्या कष्टाळू मधमाशीच्या कवितेची टिंगल आहे, जी तेव्हाच्या इंग्लंडमधल्या पोरांकडून घोकून घ्यायचे!

मला सगळ्यात आवडला तो मॉक टर्टल, म्हणजे गोष्टीतलं ‘नकली कासव’. खऱ्या कासवाचं सूप प्रचंड महाग, म्हणून लोक वासराच्या मुंडीचं तसंच सूप करायचे आणि त्यालाच मॉक टर्टल म्हणायचे, म्हणून पुस्तकाचा चित्रकार टेनिएलच्या चित्रात कासवाला डोकं वासराचं! आणि तो शाळेबद्दल बोलताना फ्रेंच, संगीत आणि कपडे धुणं एक्स्ट्रा म्हणतो ते बोर्डिंग शाळांच्या बिलावरचं वाक्य, हे कळल्यावर मी तो भाग परत पहिल्यापासून वाचला.

१८६५ साली, ॲलिस आलं तेव्हा, मुलांची पुस्तकं म्हणजे बहुतेक उपदेशच, आणि इथे प्रत्येक गोष्टीत तात्पर्य शोधणारी डचेस हसण्याचा विषय होते, केवढं धाडस! म्हणूनच आजही ते शिळं वाटत नाही.

टिपांचा फॉन्ट मात्र बारीक आहे, रात्री डोळे दुखतात. लहान मुलांना आधी साधी आवृत्ती द्या, हे नंतर.