बातम्यांमधून इंग्रजी शब्द शिकवणारं ॲप, आठ महिन्यांनंतर: सगळा राग त्या 'मराठी अर्थ'वर

तीन आठवड्यांपूर्वी ॲप अपडेट झालं आणि माझे सेव्ह केलेले ४१२ शब्द गायब झाले. जानेवारी २०२५ पासून रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास बसून जमवलेले शब्द होते. वर्षाचे ७९९ रुपये भरलेत, पतसंस्थेतल्या पगारातून भरलेत, त्यामुळे राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहेच. इंग्रजी पेपरमधले रोज चार-पाच उतारे, शब्दावर बोट ठेवलं की उच्चार, इंग्रजी अर्थ, त्याखाली मराठी अर्थ, आणि रविवारी टेस्ट.

कस्टमर केअरला तीन मेल केले. पहिल्याला उत्तर आलं की लॉगआऊट करून परत लॉगइन करा. दुसऱ्यालाही तेच, शब्दशः तेच. तिसऱ्याला 'तुमची तक्रार पुढच्या टीमकडे पाठवली आहे'. फोन नंबर कुठेच नाही. शब्द बाहेर काढून ठेवायची, साधी प्रिंट काढायची पण सोय नाही, म्हणजे आठ महिन्यांची मेहनत त्यांच्या सर्व्हरवर आणि आपण मेलची वाट बघत बसायचं.

पण खरं सांगायचं तर शब्द गेले हे माझ्या तक्रारीत दुसऱ्या नंबरला आहे. पहिल्या नंबरला तो मराठी अर्थ.

मार्चमध्ये पुण्याच्या बातमीचा एक उतारा आला, त्यात गुन्हेगाराला दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून 'एक्स्टर्न' केलं असं वाक्य होतं. मराठी अर्थ काय दिला? 'बाह्य विद्यार्थी'. मी तीन वेळा वाचलं. जिल्ह्यातून बाह्य विद्यार्थी केलं? दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत मराठी पेपर चाळताना तीच बातमी दिसली, ठळक अक्षरात 'तडीपार'. अहो, हा शब्द आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे! महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा, त्यात जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दीबाहेर काढता येतं, त्यालाच आपल्याकडचे इंग्रजी पेपर एक्स्टर्नमेंट म्हणतात. तड म्हणजे काठ, त्याच्या पार. इतका चित्रासारखा शब्द शेजारी उभा असताना ॲप मला विद्यार्थी शिकवत होतं, आणि ते चुकीचं उत्तर मी टेस्टमध्ये बरोबर म्हणून टिकमार्क केलं, कारण तिथे तेच बरोबर धरतात.

त्या दिवसापासून मी मराठी अर्थ तपासायला लागलो आणि एकेक निघत गेलं. हायकोर्टाने पाडकामाला 'स्टे' दिला, तिथे अर्थ 'राहणे'. आपण स्थगिती म्हणतो, तहसीलच्या ओट्यावर बसलेला म्हातारासुद्धा स्थगिती म्हणतो. 'अँटिसिपेटरी बेल' म्हणजे 'अपेक्षित जामीन'. आपला शब्द अटकपूर्व जामीन, म्हणजे अटकेच्या आधीचा, नुसता ऐकला तरी प्रकरण समजतं, मला तर तो इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. 'अंडरट्रायल'ला 'चाचणीखालील', आपल्याकडे कच्चा कैदी. रिझर्व्ह बँकेची बातमी आली की 'हॉकिश' म्हणजे 'ससाण्यासारखा' आणि विषय संपला, महागाई रोखायला व्याजदर चढे ठेवायच्या बाजूचा माणूस हे कुठेच लिहिलेलं नाही. ११ जुलैला युनेस्कोने शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्याच्या उताऱ्यात 'इन्स्क्राइब्ड' शब्द होता आणि अर्थ 'कोरलेले'. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, एवढ्या आनंदाच्या बातमीत किल्ले यादीत 'कोरले' गेले हे वाचून फार वाईट वाटलं. यादीत समावेश झाला, एवढं साधं आहे ते.

काही जण म्हणतील मराठी अर्थ बघूच नको, इंग्रजी टू इंग्रजी बघ. बघतो ना. पण ज्याचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय त्याला शब्द डोक्यात पक्का बसायला आपल्या भाषेचा खुंटा लागतो, आणि खुंटा चुकीच्या जागी ठोकला तर तो काढायला दुप्पट वेळ जातो. आयबीपीएस क्लार्कच्या, म्हणजे सरकारी बँकांतल्या क्लार्क भरतीच्या, प्रिलिम्सला (पहिल्या फेरीच्या परीक्षेला) इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं असतात, चुकलं की पाव मार्क कापतात. तिथे खुंटा हलवत बसायला वेळ नसतो.

आता चांगलं पण सांगतो, कारण शब्द गेल्यावर पहिले दोन दिवस जे मनात आलं ते लिहिलं असतं तर अन्याय झाला असता. उतारे निवडणारा माणूस जाणकार आहे. फेब्रुवारी, एप्रिल आणि जून, तिन्ही वेळा रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना कर्ज देते तो व्याजदर, कमी झाला, ६.५० वरून ६.२५, मग ६, मग एकदम ५.५०, तर तिन्ही बातम्यांचे उतारे लागोपाठ दिले होते, त्यामुळे 'बेसिस पॉइंट' हा शब्द कायमचा बसला, २५ पॉइंट म्हणजे पाव टक्का, जूनमध्ये ५० म्हणजे अर्धा. एकाच शब्दाला तीन वेळा खऱ्या बातमीत भेटलं की पाठ करावं लागत नाही. हेडलाइनच्या शब्दांचा वेगळा भाग आहे तोही उत्तम, 'नॉड' म्हणजे मंजुरी, 'प्रोब' म्हणजे चौकशी, 'रो' म्हणजे वाद, 'हेल्ड' म्हणजे अटक. हे कळल्यावर इंग्रजी पेपरची भीती निम्मी गेली माझी. उच्चार पण स्पष्ट आहेत.

'रोजच्या वापरात' भागात मात्र 'प्रीपोन' लाल रंगात चूक दाखवतात. तो शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. आपल्याकडे मीटिंग रोज प्रीपोन होते, कुणाचं काही अडत नाही. भारतीय वापर म्हणून वेगळा रंग द्या, चूक कशाला म्हणायचं?

तर शब्द गेल्यावर मी काय केलं, दोनशे पानी वही घेतली. सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी जातो, तिथे इंग्रजी आणि मराठी दोन्ही पेपर येतात. इंडियन एक्स्प्रेस आणि लोकसत्ता एकाच ग्रुपचे, टाइम्स ऑफ इंडिया आणि महाराष्ट्र टाइम्स एका ग्रुपचे, त्यामुळे मोठी बातमी दोन्हीकडे असतेच. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठी पेपरने तीच गोष्ट कशी लिहिली ते. 'स्ट्रिक्चर्स'समोर ताशेरे ओढले, 'एक्स ग्रेशिया'समोर सानुग्रह अनुदान, 'गार्डियन मिनिस्टर'समोर पालकमंत्री. घरी असलो तर पीआयबीच्या साइटवर केंद्र सरकारची प्रसिद्धिपत्रकं इंग्रजीत आणि बरीचशी मराठीतही फुकट मिळतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचा निर्णय झाला, त्याची बातमी काढून बसलो, 'कन्फर' म्हणजे दर्जा बहाल करणे हे असं शिकलो की आता विसरणं शक्य नाही.

आणि 'सँक्शन'. आमच्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा येणारा शब्द, कर्ज सँक्शन झालं, सँक्शन लेटर आणा. बातमीत मात्र अमेरिकेचे रशियावर 'सँक्शन्स', म्हणजे निर्बंध. एकाच शब्दात मंजुरी पण आणि बंदी पण. ॲपने दोन्हीकडे 'मंजुरी' लिहिलंय! 'टेबल'चं पण तसंच, आपल्या संसदेत विधेयक टेबल केलं म्हणजे मांडलं, अमेरिकेत टेबल केलं म्हणजे बाजूला ठेवलं. अमेरिकन पेपरचा उतारा होता आणि खाली 'मांडले'. अर्थ बरोबर उलटा.

अपडेट: हे लिहून झालं आणि आज सकाळी मेल आला, डेटा परत आणलाय. उघडून बघितलं तर २८७ शब्द आहेत, १२५ नाहीत, आणि शब्दाखाली मी लिहिलेल्या टिपा एकही नाही. तरी २८७ आले हे मान्य, पहिल्यांदा कुणीतरी खरंच बघितलं. त्यांना चौथा मेल करून 'तडीपार' कळवलंय, तेवढं जरी दुरुस्त केलं तरी मी इथे येऊन लिहीन. ऑटोपे मात्र बंद केलाय, जानेवारीत ७९९ जाणार नाहीत. तोपर्यंत उतारे आणि उच्चार वापरणार, मराठी अर्थावर बोट ठेवणार नाही.

मराठी अर्थ माणसाने लिहिलेला आहे आणि शब्द बाहेर काढून घेता येतात असं दुसरं ॲप कुणाला माहीत असेल तर सांगा. पैसे द्यायला तयार आहे, पण महिन्याचे, वर्षाचे एकदम नाही.