एलएसडब्ल्यू ५५५डी: विमानतळावर उभ्या विमानांचा युद्धविमा कितपत पुरतो?

विमान कंपनीचा नेहमीचा 'ऑल रिस्क' विमा युद्धाचे नुकसान भरून देत नाही. एव्हीएन ४८बी या कलमाने युद्ध, घातपात, अपहरण, जप्ती हे सगळे त्यातून वगळलेले असते. ही उणीव लंडनच्या विमाबाजारातली एलएसडब्ल्यू ५५५डी ही 'हल वॉर' पॉलिसी, म्हणजे खुद्द विमानाच्या नुकसानीचा युद्धविमा, भरून काढते. एकट्या विमानापुरती ती उत्तम आहे. किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते, त्यामुळे विमान जळून खाक झाले तरी बाजारभावावरून घासाघीस होत नाही. हल्ला सैन्याने केला की अतिरेक्यांनी, यानेही फरक पडत नाही.

सप्टेंबर १९७० मध्ये पॅन ॲमचे अपहृत बोइंग ७४७ कैरोत उडवून दिले गेले, तेव्हा पैसे ऑल रिस्कच्या विमाकर्त्यांनी द्यायचे की युद्धविम्याच्या, हाच वाद झाला. १९७४ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ते ओझे ऑल रिस्कवाल्यांवर टाकले. अशा वादात विमान कंपनी अडकू नये म्हणून ५०-५० चे कलम, एव्हीएस १०३, जोडून घ्यावे. नुकसान कोणाच्या खात्यातले हे ठरेपर्यंत दोन्ही विमाकर्ते निम्मे-निम्मे पैसे देतात. मात्र ते दोन्ही पॉलिसींवर असावे लागते.

खरी मेख आहे एकाच ठिकाणी जमलेल्या विमानांपोटी जास्तीत जास्त किती पैसे मिळतील, या मर्यादेत. २८ डिसेंबर १९६८ च्या रात्री इस्रायली कमांडोंनी बैरूतच्या विमानतळावर डझनभर प्रवासी व मालवाहू विमाने नष्ट केली. २४ जुलै २००१ ला कोलंबोजवळच्या बंदरनायके विमानतळावर एलटीटीईच्या हल्ल्यात श्रीलंकन एअरलाइन्सची ए-३३० आणि ए-३४० विमाने जळाली. कंपनीच्या मुख्य तळावर रात्री ताफा एकत्र उभा असतो, आणि हल्लाही तिथेच होतो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत एअरवेजची १५ विमाने ताब्यात घेतली. त्यातली चार पुढे मोसुलला बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. ताफ्याची विम्यातली किंमत कितीतरी मोठी होती, पण जमिनीवरच्या एका ठिकाणासाठी मर्यादा होती ३० कोटी डॉलर. विमानांपोटी तेवढेच हाती आले. प्रत्येक विमानाची रक्कम पॉलिसीत चोख लिहिलेली असूनही हे घडले, म्हणून मी या पॉलिसीला डोळे झाकून चांगली म्हणणार नाही.

घेताना आधी वर्षातली सर्वांत गर्दीची रात्र शोधा. मुख्य तळावर त्या रात्री उभ्या असणाऱ्या सर्व विमानांच्या, भाडेपट्ट्यावरची आणि दुरुस्तीच्या हँगरमधली धरून, ठरीव किमतींची बेरीज करा. ठिकाणाची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती वाढवून घ्या, किंवा वरचा थर, म्हणजे मर्यादेपलीकडच्या रकमेचा विमा, दुसऱ्या विमाकर्त्याकडून घ्या. वर्षभराची एकूण मर्यादाही वेगळी तपासा. एका हल्ल्यात ती संपली, तर पुढच्या हल्ल्याला काहीच उरत नाही.

तणाव वाढला की विमाकर्ता सात दिवसांच्या नोटिशीवर हप्ता वाढवू शकतो, एखादा देश वगळू शकतो, पॉलिसी रद्दही करू शकतो. सात दिवसांत विमाने कुठे हलवायची, तिथे पार्किंग मिळेल का, वैमानिक कोण, हे आधीच लिहून ठेवलेले हवे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि चीन यांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध पेटले तर नोटिशीविनाच पॉलिसी संपते.

उड्डाणे बंद पडल्याने बुडालेले उत्पन्न यात येत नाही. गोदामातली इंजिने आणि सुटे भागही वेगळे लिहून घ्यावे लागतात.