श्वाननिवाऱ्याची फरशी: टाइल की इपॉक्सी?

श्वाननिवाऱ्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला की जाळ्या, दारे आणि छप्पर यांवर बैठकींत बराच खल होतो, आणि फरशीचा निर्णय शेवटी घाईघाईने उरकला जातो. आमच्याकडेही तसेच झाले. खोल्यांची पहिली रांग आम्ही व्हिट्रिफाइड टाइलची केली आणि काही वर्षांनी दुसऱ्या रांगेला इपॉक्सीचा, म्हणजे कोब्यावर पसरल्यावर कडक होणाऱ्या राळेचा, लेप दिला, त्यामुळे दोन्ही प्रकारांची फरशी मी स्वतः धुतली आहे. उघड्या कोब्याचा विचार मी येथे करत नाही, कारण तो मूत्र शोषून घेतो आणि उकाड्याच्या दिवसांत त्याचा वास व्याजासह परत करतो, हे असा निवारा चालवणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

कागदावर टाइलचेच पारडे जड दिसते. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, नखांच्या ओरखड्यांना सहसा जुमानत नाही आणि एखादी फुटली तर तेवढीच काढून बदलता येते. सांध्यांत घाण मुरते ही सर्वांची तक्रार सिमेंटच्या ग्राउटबाबत, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याबाबत, खरी आहे; आम्ही मात्र इपॉक्सीचे ग्राउट भरून घेतले होते आणि त्यातून वास आल्याचे मला कधी जाणवले नाही. त्यामुळे सांध्यांवरून मी टाइलला बोल लावणार नाही.

माझी तक्रार आहे ती साचणाऱ्या पाण्याची. खोलीला ढाळ दोन दिशांनी द्यावा लागतो, मागच्या भिंतीकडून नाल्याकडे आणि बाजूच्या भिंतींकडून किंचित मधल्या भागाकडे. कोबा असा ढाळ सहज घेतो, पण दोन फुटी टाइल जन्मतःच सपाट असते. ती कर्णावर कापून बसवली नाही, तर तिचा एखादा कोपरा केसभर वर राहतो. त्या केसभर उंचवट्यामागे पाणी थांबते, आणि वायपर नेमका तिथेच अडखळून ते पाणी मागे सोडून पुढे जातो.

ही बाब किरकोळ वाटेल, म्हणून सकाळचे काम डोळ्यांपुढे आणावे. आधी विष्ठा उचलून फरशी साबणाने धुवावी लागते, कारण मळ शिल्लक असला की ब्लीचचा जोर ओसरतो. मग कुत्र्यांना जीवघेणे जुलाब लावणाऱ्या पार्वोच्या विषाणूसाठी, जो महिनोन्‌महिने तग धरतो, 30 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच मिसळून फरशी 10 मिनिटे ओली ठेवायची, पुन्हा धुवायची आणि शेवटी वाळवायची. आधीच्या सगळ्या कामांना दोन्ही रांगांत सारखाच वेळ लागतो. वाळवण्याचे तसे नाही. स्वयंसेवकाला नोकरीची वेळ गाठायची असते, पुढच्या माणसाला उशीर झालेला असतो, आणि कुत्र्याला ओल्या फरशीवर परत सोडायचे की बाहेर बांधून ठेवायचे, हा निर्णय कोणीतरी घड्याळाकडे पाहत घेतो. बहुधा कुत्रा ओल्यावरच जातो. मोजमाप मी केलेले नाही, आणि याला इतर कारणेही असू शकतील. पण पायांच्या बोटांमधली कातडी लाल झालेली कुत्री आम्हाला टाइलच्या रांगेत अधिक दिसली, एवढे मी म्हणू शकतो.

इपॉक्सी निर्दोष आहे, असे मात्र मुळीच नाही. पहिल्या खेपेला नाल्याच्या कडेने लेपाचे पापुद्रे सुटले, कारण कोब्यात ओल होती आणि आमच्यात धीर नव्हता. तेव्हापासून आम्ही प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी कोब्यावर चिकटवून दिवसभर ठेवतो, आणि खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर काम पुढे ढकलतो. जुना कोबा यंत्राने घासून खरखरीत करावा लागतो. गुळगुळीत लेपावर म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात, म्हणून त्यात वाळू पेरावी लागते, आणि ती अधिक झाली की केस अडकून झाडू निकामी होतो. एका कोपऱ्यात नमुना करून पाहिलेला बरा. थेट ऊन पडते तिथे रंग पिवळा पडतो, पण त्याची कुत्र्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

एवढे सगळे मान्य करूनही, वायपरचे चार हात मारले की इपॉक्सीची खोली पाण्यापासून मोकळी होते. लेप खालच्या ढाळाबरोबर जातो आणि भिंतीलगत गोलाई देऊन वर चढवला तर कोपराच उरत नाही. अर्थात खालचा कोबा खोलगट असेल तर डबके इपॉक्सीवरही तसेच साचेल, म्हणून मीटरला सुमारे 2 सेंटिमीटर ढाळ आधी पाणी ओतून तपासून घ्यावा.

लेप पक्का होईपर्यंत खोल्या आठवडाभर रिकाम्या ठेवणे शक्यच नसेल किंवा जमिनीतून सतत ओल चढत असेल, तर मीही टाइलच सुचवेन, पण एक फुटी आणि ढाळाप्रमाणे कापून बसवलेली. आमच्या तिसऱ्या रांगेत भिंतींना टाइल लागणार आहे आणि खाली इपॉक्सी. तेवढ्या दिवसांसाठी नऊ कुत्र्यांना सांभाळणारी घरे सध्या आम्ही शोधत आहोत.