लग्न पुण्यात, मोडायचं इंग्लंडमध्ये: घटस्फोट घ्यावा, लग्न रद्द करून घ्यावं की नुसतं वेगळं व्हावं?

मैत्रीण आली ती प्लास्टिकची पिशवी घेऊनच. आत आहेराची वही, मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नाचा अल्बम. मॅरेज सर्टिफिकेट नव्हतं; नोंदणी करायची राहून गेली आणि दोन महिन्यांत दोघं इंग्लंडला आले. आता नवरा म्हणतो, "नोंदणीच नाही, म्हणजे कायद्यानं आपलं लग्न झालंच नाही. घटस्फोट कशाला हवा?" घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, हे वेगळं सांगायला नकोच.

मी अल्बम चाळत एका फोटोवर थांबले. तांदळाच्या सात राशी, प्रत्येकीवर सुपारी, आणि हिचा मेंदीचा पाय चौथ्या राशीवर. म्हटलं, हा जपून ठेव.

लग्नाचे विधी जिथे झाले तिथला कायदा इंग्लंड-वेल्सचं कोर्ट पाहतं. लग्न पुण्याचं, तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याच्या कलम ७ प्रमाणे प्रथेनुसार विधी व्हायला हवेत, आणि सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. नोंदणी हा पुरावा. ती नसल्यानं लग्न अवैध होत नाही, असं कलम ८ मध्येच लिहिलंय. २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं उलट बाजूही स्पष्ट केली: विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटनं हिंदू लग्न होत नाही.

आता हेच लग्न लंडनमधल्या हॉलमध्ये झालं असतं तर? गुरुजी तेच, अंतरपाट तोच, पण रजिस्टर ऑफिसला आधी नोटीस नाही, लग्न लावायचा अधिकार असलेलं कुणी हजर नाही. मग चित्र पार उलटं. 'अख्तर विरुद्ध खान' खटल्यातला निकाह १९९८ मध्ये साउथॉलच्या एका रेस्टॉरंटात झाला होता. चार मुलं झाली. तरी २०२० मध्ये अपील कोर्टानं ठरवलं की कायद्याच्या दृष्टीनं तो विवाहच नव्हता, अवैध विवाहसुद्धा नव्हे. हौसेनं फुकेतला केलेल्या लग्नाचंही तसंच अवघड. थायलंडमध्ये लग्न होतं ते सरकारी नोंदणीनं. समुद्रकिनाऱ्यावरच्या मंगलाष्टकांनी तिथे काही होत नाही.

म्हणून कोणता रस्ता धरायचा हे आपल्या मनावर नाही, विधी कुठे आणि कसे झाले त्यावर आहे.

घटस्फोट: लग्न वैध असेल तर हाच. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये दोष सिद्ध करावा लागत नाही. लग्नाला वर्ष झालेलं हवं. अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवडे, मग अंतिम आदेशाआधी आणखी सहा. घर, पेन्शन, पोटगी सगळं कोर्टापुढे मांडता येतं.

लग्न रद्द ठरवून घेणं: 'घटस्फोटिता' हा शिक्का नको म्हणून घरचे हा रस्ता सुचवतात. पण तो मागून मिळत नाही, कारण लागतं. उदाहरणार्थ, लग्नाच्या वेळी एकाचं आधीचं लग्न कायम होतं. इथे आपल्याकडच्या काडीमोडीची मेख असते. स्टँप पेपरवर सह्या केल्या म्हणजे सुटलो असं लोक धरून चालतात. जातीची तशी जुनी रूढी सिद्ध झाली तरच ते भारतात टिकतं; नाहीतर पहिलं लग्न कायमच. या रस्त्यात वर्षभर थांबायची अट नाही, आणि लग्न अवैध ठरलं तरी इंग्लंडचं कोर्ट पैशांचे आदेश देऊ शकतं. हे बऱ्याच वकिलांकडूनही पहिल्या भेटीत ऐकायला मिळत नाही.

काहीच न करता वेगळं होणं: लग्न कायद्याच्या लेखी नव्हतंच, तर मोडायलाही काही नाही. स्वस्त आहे, पण घरात आपला वाटा आहे हे मालमत्तेच्या कायद्यानं सिद्ध करत बसायचं, नवऱ्याच्या पेन्शनवर हक्क नाही. मुलांचा खर्च तेवढा, लग्न वैध असो वा नसो, मागता येतो. "लग्नच नव्हतं" हे वाक्य ज्याच्या नावावर घर असतं त्याच्याच तोंडी का येतं, ते यावरून कळावं. खरोखर शंका असेल तर १९८६ च्या फॅमिली लॉ अ‍ॅक्टखाली लग्न वैध होतं, एवढंच कोर्टाकडून जाहीर करून घेता येतं.

राहिला प्रश्न अर्ज कुठे करायचा. इंग्लंडचा निकाल लवकर लागतो, पण १९९१ च्या नरसिंह राव खटल्यापासून भारतातली कोर्टं विचारतात: लग्न ज्या कायद्यानं झालं, त्यातल्या कारणावर घटस्फोट झाला का? दुसऱ्या बाजूनं मनापासून संमती दिली होती का? एकट्यानं अर्ज करून मिळवलेला दोषरहित घटस्फोट पुण्यात दुसरं लग्न करताना अडचणीत आणू शकतो. दोघं राजी असतील तर भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमती हा पर्याय आहे. सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या निकालानंतर ते माफही होऊ शकतात. माझं मत: घर आणि मुलं इंग्लंडमध्ये असतील तर अर्ज इथेच करावा, पण समोरच्याची लेखी संमती फायलीत हवीच.

मैत्रिणीनं त्याच रात्री आत्याला फोन लावला. गुरुजी अजून आहेत का, आणि त्या दिवशी मांडवात शेजारी कोण उभं होतं, हे विचारायला.